निळ्या गालाची लेओकादी

मित्रांनो, मी पॅरिसमधली एक जुनी तसबीर आहे. आज तुम्ही माझ्यासमोर टोपी काढून उभे राहता आणि हळू आवाजात बोलता. पण तुमचेच आजोबा माझ्यासमोर पोट धरून हसले होते, आणि त्या हसण्यात एका मुलीचं वाटोळं झालं. ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

माझा जन्म बातिन्योल नावाच्या पॅरिसच्या एका वस्तीतल्या अंगणात झाला, चेस्टनटच्या झाडाखाली. माझा चितारी आन्सेल्म कोर्दिए. बाकीचे चितारी खोलीत बसून काळपट रंगांत देवदेवता आणि सरदार रंगवायचे. हा रंगाच्या नळ्या खिशात कोंबून उन्हात येऊन बसला आणि समोर उभं केलं लेओकादीला. ती कोपऱ्यावरच्या धुलाईघरात इस्त्री करायची. एकोणीस वर्षांची, तोंडाची फटकळ, दोन्ही हातांवर इस्त्रीचे चटके.

"अहो, माझा गाल निळा का केलात? मेलेय का मी?" ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"आतून आरसा आण आणि इथंच उभी राहून बघ," आन्सेल्म म्हणाला.

तिने आरसा आणला. पानांची सावली गालावर पडली होती, आणि ती खरंच निळी होती, कडेला हिरवट.

"अगंबाई, खरंच की!" असं म्हणून ती इतकी हसली, की त्या दिवशी काम पुढे गेलंच नाही.

सरकारी प्रदर्शनाच्या पंचांनी मला नाकारलं आणि माझ्या पाठीच्या लाकडावर नकाराचा शिक्का मारला. मग आन्सेल्मने आणि त्याच्यासारख्याच नाकारलेल्या सोबत्यांनी जागा भाड्याने घेऊन स्वतःचं प्रदर्शन भरवलं. लोक आले ते टिंगल करायलाच. लेओकादीही आली, नवी टोपी घालून, फिर्मांचा हात धरून. फिर्मां कोळशाची गाडी हाकायचा. ईस्टरनंतर दोघांचं लग्न ठरलं होतं.

"ही पोरगी तीन दिवस नदीत पडून होती वाटतं!" एक जाडा गृहस्थ ओरडला.

"देवी आल्यात हिला. लांब उभे राहा हो," असं म्हणत एका बाईने छत्रीचं टोक माझ्या गालात खुपसलं. हशा पिकला. तेवढ्यात कुणीतरी लेओकादीला ओळखलं.

"अरे, हीच ती! इथंच उभी आहे!"

सगळे वळले आणि दोन पावलं मागे सरले. फिर्मांनेही तिचा हात सोडला. मी भिंतीवर टांगलेली, मला काय करता येणार होतं?

वर्तमानपत्रात 'सडक्या गालाची मुलगी' असं छापून आलं. पुढच्याच आठवड्यात धुलाईघराची मालकीण तिला म्हणाली, "तू धडधाकट आहेस, ठाऊक आहे गं मला. पण गिऱ्हाईक विचारतं, ती रोगट पोरगी आमचे कपडे हाताळते का? तू जा बाई." फिर्मांच्या आईने लग्न मोडलं. फिर्मांने कोळशाच्या गाडीचा रस्ता बदलला.

मग लेओकादी आन्सेल्मच्या दारात आली.

"एवढा एक गाल गुलाबी करा हो. दोन मिनिटांचं काम. मी सगळ्यांना आणून दाखवीन."

"सावली निळी होती. तू स्वतः पाहिलीस."

"मी पाहिली! त्यांनी कुठे पाहिली? आता काय खाऊ मी, तुमची सावली?"

"खोटं मी रंगवणार नाही," असं म्हणून त्याने दार लावून घेतलं. आज लोक त्याला सत्याचा पुजारी म्हणतात. मला मात्र त्या दिवशी त्याची लाज वाटली.

पुढे तो छातीच्या दुखण्याने गेला. मी कितीतरी वर्षं एका माळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. हळूहळू वारा फिरला. आधी एकदोन हौशी, मग परदेशी श्रीमंत, मग बँकवाले, सगळ्यांना दिवाणखान्यात असल्या चित्रांतलं ऊन हवंसं वाटू लागलं. तालाबो नावाच्या व्यापाऱ्याने मला उचललं, "गाल जरा आजारी दिसतो," म्हणाला आणि माझ्यावर पिवळं व्हार्निश फासलं. आन्सेल्मने व्हार्निशला कधी हात लावला नव्हता. निळं गेलं, हिरवं गेलं. लेओकादीचा गाल पिकल्या जर्दाळूसारखा झाला. मला सोनेरी चौकट चढली आणि मी संग्रहालयात आले. "काय ऊन पकडलंय हो!" असं लोक म्हणायला लागले.

त्या पहिल्या प्रदर्शनानंतर चाळीसेक वर्षांनी, एका रविवारी, एक वाकलेली म्हातारी आली. नदीवर धुणी धुऊन धुऊन तिचे हात फाटले होते. माझ्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली.

"हे चुकलंय," ती मोठ्याने म्हणाली. "इथं निळं होतं. इथं, गालावर."

"वा आजीबाई! चित्रातलं कळतं वाटतं तुम्हाला?" एकाने विचारलं.

"चित्रातलं नाही कळत. ही मी आहे."

मित्रांनो, काय हसले ते सगळे! अगदी तसंच, पोट धरून. पहारेकऱ्याने येऊन तिचा दंड धरला. "चला आजी, उगाच तमाशा नको."

"निळंच होतं!" ती दारातून ओरडली. "त्यापायी माझं सगळं गेलं, आणि आता तेही पुसलंत होय रे?"

मित्रांनो, जुन्या तसबिरींना ओलं फडकं लावू नका, कडक उन्हात ठेवू नका, हे मी सांगायला हवं. तेवढं सांभाळाच. पण कधी एखादी म्हातारी येऊन म्हणाली, 'ही मी आहे', तर हसण्याआधी एकदा तिच्या तोंडाकडे पाहा. त्या दिवशी दालनात वीसबावीस माणसं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे एकानेही पाहिलं नाही.