घाटातलं टायमिंग

साजगावच्या सखारामचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि दोन जॅक. तरी शर्यतीच्या गाड्या पार पुण्या-मुंबईहून त्याच्या दारात यायच्या. का? तर त्याच्या कानासाठी. इंजिनाची ताकद वाढवायला हेड घासणं, कार्ब्युरेटरचे जेट मोठे करणं, सायलेन्सर बदलणं, हे काय कोणीही करतं. जुन्या गाड्यांचं शेवटचं टायमिंग मात्र सखाराम खोपोलीच्या घाटात, चढावर, नुसतं ऐकून लावायचा.

तसं बघितलं तर काम सोपं. ठिणगी जरा लवकर पडली की ताकद वाढते. म्हणून ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर पुढं फिरवायचा, चढावर गाडी दाबायची आणि इंजिन आतून टकटक करायला लागलं की केसभर मागं यायचं. लोभ सुटून जो पुढं जातो, त्याच्या पिस्टनला भोक पडतं.

आणि सखारामला ती टकटक ऐकूच येत नव्हती. तीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढल्यावर कानांचं दुसरं काय होणार? हे घरात एकट्या मेघाला, त्याच्या मुलीला, ठाऊक होतं. घाटात ती कायम त्याच्या शेजारी बसायची. तरीही टायमिंग दरवेळी चोख लागायचं. हाताची सवय असेल, असं म्हणून ती गप्प बसायची.

त्या दिवशी गाडी होती कर्जतच्या देवव्रतची. कॉलेजात शिकवणारा माणूस, दोन वर्षं खपून जुनी गाडी शर्यतीसाठी उभी केलेली, आणि रविवारी शर्यत. तो मागं बसला होता. सखारामनं गाडी सुरू केली तसा तो मेघाच्या कानाशी वाकून म्हणाला, "सखारामभाऊंना आता ऐकू येत नाही असं लोक म्हणतात. म्हटलं, स्वतः बघावं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, आज काही झालं तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, असं मेघानं ठरवलं.

पहिल्या चढाला इंजिन स्वच्छ. सखारामनं बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर केसभर पुढं नेला. दुसऱ्या चढाला बारीक टकटक आली. मेघा दगडासारखी बसून राहिली. बापानं तिच्याकडं पाहिलं, उतरला आणि आणखी पुढं नेला. तिसऱ्या चढाला तर डब्यात वाटाणे खुळखुळावेत तसा आवाज. मेघा समोर रस्त्याकडं बघत होती. सखाराम पुन्हा थांबला, पाना घेतला आणि पुढंच फिरवायला निघाला. देवव्रत पाय मोकळे करायला कठड्यापाशी गेला होता.

मेघानं धावत जाऊन बापाचं मनगट धरलं. "बाबा, नका. दोन चढ झालं, ठोकतंय ते."

सखारामचा हात तिथंच राहिला. "मग तुझ्या तोंडानं का नाय सांगितलं?"

"माझं तोंड?"

"वरीस झालं गं. मला कुठं ती टकटक ऐकू येतीय? टकटक झाली की तुझ्या भुवया जवळ येतात. तेवढं बघतो नि मागं घेतो."

मेघानं त्याचं मनगट सोडलं. ज्याची लाज राखायला ती दगड झाली होती, त्याच्याच हातून ती इंजिन फोडायला निघाली होती.

सखारामनं देवव्रतला हाक मारली आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "सर, लोक खरं बोलतात. कान हिचं हायेत, हात माझं. पटत नसंल तर गाडी घेऊन जा."

देवव्रतनं उघड्या बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं. "इंजिन रविवारी टिकेल ना?"

"टिकंल," मेघाच म्हणाली.

"मग लावा."

सखारामनं टायमिंग भरपूर मागं घेतलं आणि तिघं परत गाडीत बसले. चढ सुरू झाला आणि मेघाचे डोळे भरून आले, काही केल्या थांबेनात. सखारामनं तिच्याकडं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि गाडी कडेला घेतली.

"आदी रडून घे," तो म्हणाला. "तोंड आसं असलं की मला काय कळत नाय."