कोचची खुर्ची

मार्लिस ह्रुश्कानं मांडीवरच्या डब्यातून जर्दाळूचा जाम भरलेला गोड पाव, कोलाची, काढला, नवऱ्याच्या हातात दिला आणि मैदानावरची नजर न हलवता म्हणाली, "खा. आणि जाम शर्टावर सांडू नकोस."

एमिलनं एक घास घेतला. "हा नवा लाइन-कोच कसा आहे गं?"

"बघू. कळेल हळूहळू."

हाच प्रश्न त्यानं गाडीत विचारला होता, फाटकाशी विचारला होता, जागेवर बसताबसताही विचारला होता. मार्लिस दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायची. एमिल याच कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात, सगळ्यांत पुढे वाकून उभ्या राहणाऱ्या रांगेत, म्हणजे लाइनीत, सेंटर होता. त्या काळात डोक्याला मार बसला की पोरं उठायची, मान झटकायची आणि पुन्हा रांगेत वाकायची. जो उठायचा नाही त्याची गावभर टिंगल. एमिल दर वेळी उठला. आता जेमतेम पंचावन्नाव्या वर्षी त्याला स्वतःच्या घराचं वळण सापडेनासं झालं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते मार्लिसनं मुलाला सांगितलं होतं. पण ऐकतोय कोण! मुलगा त्याच कॉलेजच्या लाइनीत, त्याच बापाच्या कौतुकावर वाढलेला.

खाली मैदानात डाव्या बाजूचा गार्ड म्हणून तो मुलगा, ग्रेडी, वाकला होता. लाइनीतली पोरं चेंडू घेऊन पळत नाहीत. मागे उभ्या, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला सांभाळायचं, समोरचा अंगावर आला की त्याला अडवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांच्या आयाही चेंडू बघत नाहीत. अख्खं स्टेडियम चेंडूमागे माना वळवतं तेव्हा त्या आपल्या पोराचा नंबर धरून बसलेल्या असतात. टचडाऊन झालं, गुण मिळाले, हे मार्लिसला लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं.

"काय म्हणतोय तुमचा लाथमाऱ्या?" मागच्या बाकावरून हार्लननं विचारलं. त्याचं टायरचं दुकान होतं, आणि शनिवारी दुपारी त्याच्याइतकं फुटबॉल या भूतलावर कुणालाच कळत नसे.

लाथमाऱ्या म्हणजे कोच प्रूइट. गेल्या हिवाळ्यात जुन्या सगळ्या कोचांना नारळ मिळाला आणि नवा मुख्य कोच आपली माणसं घेऊन आला. त्यातला लाइनीचा कोच निघाला हा प्रूइट. वेताच्या काठीसारखा माणूस. कॉलेजात असताना किकर होता म्हणे. म्हणजे सामन्यात चार-दोनदा यायचं, चेंडूला लाथ मारायची आणि स्वच्छ कपड्यांनी बाकावर जाऊन बसायचं. असल्या माणसानं दीडशे किलोच्या पोरांना धक्के कसे द्यायचे ते शिकवायचं! हे ऐकून गाव हसून हसून लोळलं होतं.

मार्लिस हसली नव्हती, पण तिनं त्याला घरीही बोलावलं नव्हतं. दर गुरुवारी संध्याकाळी सगळी लाइन ह्रुश्कांच्या घरी जेवायला असायची. एमिलच्या आईपासूनची ही रीत. टेबलाच्या टोकाला कोचची खुर्ची. मात्र नव्या कोचनं पहिला सामना जिंकल्याशिवाय ती मांडायची नाही, हीसुद्धा तेव्हापासूनचीच रीत. सध्या ती खुर्ची कपडे धुण्याच्या मशीनमागे घडी घालून उभी होती.

"चांगलं चाललंय की," मार्लिस म्हणाली. "क्वार्टरबॅकच्या कपड्यांना अजून माती लागलेली नाही."

"नशीब! दुसरं काय? आणि ते डाव्या हाताचं खूळ बघ. चांगली पोरं उजवा हात टेकून वाकत होती, तर यानं अर्ध्यांना डावखुरं करून टाकलं."

ते मात्र खरं होतं. जुन्या कोचच्या वेळी सगळी लाइन उजवा हात जमिनीला टेकायची. प्रूइटनं आल्याआल्या डाव्या बाजूच्या पोरांचा हात बदलला. ग्रेडीनं आधी शिव्या घातल्या, मग उन्हाळाभर घर डोक्यावर घेतलं. दूध काढायला फ्रिज उघडायचा आणि तिथंच डावा हात टेकून वाकायचा. कचरा टाकायला गेला तर डब्यासमोर. एकदा तर चर्चच्या पायऱ्यांवर, पाद्रीबुवांच्या पुढ्यात. मार्लिसनं तेव्हा डोक्यावर हात मारून घेतला होता.

पण आज दिसत होतं ना! ग्रेडी आत्तापर्यंत एकदाही मागे रेटला गेला नव्हता. चौथा, शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा आपली पोरं तीन गुणांनी पुढे होती आणि हार्लनसुद्धा गप्प बसून शेंगा खात होता.

पुढच्याच खेळीत ढीग झाला. पोरांवर पोरं पडली, शिट्टी वाजली, ढीग उकलला. सगळ्यांत खालून ग्रेडी निघाला. उठला. मान झटकली. रांगेत जाऊन वाकला.

त्यानं उजवा हात टेकला होता.

"बघ! आला की नाही जुन्या वळणावर?" हार्लन खूश झाला. "पोराला अक्कल आहे."

मार्लिसच्या मांडीवरचा डबा खाली पडला. फ्रिजसमोर, कचऱ्याच्या डब्यासमोर, पाद्रीबुवांसमोर डावा हात टेकणारं पोर. त्याला आज कुठला सामना चाललाय, कोण कोच आहे, काही ठाऊक नव्हतं. तो गेल्या वर्षात जाऊन वाकला होता. आणि गेल्या वर्षी असाच मार बसला तेव्हा जुन्या कोचनं पाठीवर थाप मारून त्याला परत पाठवलं होतं.

"एमिल, इथून हलू नकोस. हार्लन, याच्याकडे लक्ष ठेव."

"अगं, चाललीस कुठं? मार्लिस!"

आईनं कठड्यापाशी जायचं नसतं. पोराची आयुष्यभर थट्टा होते. हा नियम मार्लिसनंच किती नव्या आयांना समजावला होता. ती पायऱ्या उतरत सुटली. एक खेळी तर होऊन गेलीच होती, हे तिला गर्दीच्या ओरडण्यावरून कळलं. दुसरी होऊ देणार नव्हती. वेळ पडली तर कठडा ओलांडून मैदानात जाईन आणि कानाला धरून आणीन, मग हसू देत सगळ्या नेब्रास्काला.

ती खाली पोचली आणि जागीच थांबली.

ग्रेडी बाहेर आला होता. बाकावर बसला होता आणि संघाची डॉक्टरीण त्याच्या डोळ्यांवर छोटी बॅटरी धरून होती. समोर कोच प्रूइट होता. बाक सोडून तो खाली, गवतात, ग्रेडीच्या हेल्मेटवर बसला होता. कोंबडी अंड्यावर बसते तसा.

"हेल्मेट द्या, कोच," ग्रेडी म्हणत होता. "मला काही झालेलं नाही."

"देतो की. गुरुवारी रात्री काय जेवलास ते सांग आणि घेऊन जा."

"गुरुवारी?" ग्रेडीनं ओठ चाटले. "बीफ. बीफ रोस्ट."

प्रूइटनं मान वर केली. कठड्याला धरून उभी असलेली मार्लिस त्याला दिसली. हिनं इथं यायला नको होतं, असं काही त्याच्या चेहऱ्यावर आलं नाही.

"मिसेस ह्रुश्का, बरं झालं आलात. मी काही जेवायला नव्हतो. बरोबर सांगतोय का हा?"

ग्रेडीनंही वर बघितलं. लहानपणी ताप असताना शाळेच्या सहलीला जाऊ दे म्हणून बघायचा, अगदी तसं. हो म्हण ना, आई.

तीन गुणांची आघाडी, शेवटचं वर्ष, बापाचं कॉलेज. एक मान डोलावली की झालं.

"नाही," ती म्हणाली. "डुकराचा रोस्ट होता. डंपलिंग आणि आंबट कोबी. तीनदा वाढून घेतलंस, बाळा."

ग्रेडीनं तोंड फिरवलं. मग दोन्ही हातांत डोकं धरलं.

"संपला आजचा खेळ," प्रूइट शांतपणे म्हणाला आणि हेल्मेटवर आणखी नीट बसला. "शिव्या मला घाल. आईला नको."

मार्लिसचा जीव भांड्यात पडला. किती वर्षं ती एकटीच बघत होती! सगळे चेंडूकडे, ती एकटी हाताकडे. आज आणखी कुणीतरी बघितलं होतं, आणि तेही तिच्या आधी.

ग्रेडीच्या जागी आलेलं पोर नवखं होतं. समोरच्यानं त्याला पत्त्यासारखं उडवलं, क्वार्टरबॅक आडवा झाला, चेंडू सुटला आणि हातातला सामना गेला. स्टेडियमनं कोचांच्या नावानं शंख केला. मार्लिस जागेवर परतली तेव्हा हार्लन लालबुंद झाला होता.

"धडधाकट पोराला बाहेर बसवलं त्या गाढवानं! स्वतः चालत होतं पोर!"

"चालत तर एमिलही होता, हार्लन," मार्लिस म्हणाली.

हार्लननं शेंगांची पुडी एमिलपुढे धरली.

एमिल खाली बाकाकडेच बघत होता. सामना संपला, पोरं आत निघाली, तरी प्रूइट अजून हेल्मेटवरच बसलेला होता.

"तो असा का बसलाय गं?"

"ग्रेडीला डोक्याला लागलंय. त्यानं परत आत जाऊ नये म्हणून."

एमिल म्हणाला, "माझं हेल्मेट कधी कुणी घेतलं नाही."

"नाही रे," ती म्हणाली आणि त्याची जामनं चिकट झालेली बोटं आपल्या मुठीत घेतली.

"हा नवा लाइन-कोच कसा आहे गं?"

"चांगला आहे, एमिल. फार चांगला आहे."

गुरुवारी लाइन जेवायला आली तेव्हा सगळ्यांची तोंडं पडलेली होती. ग्रेडीची डोकेदुखी ओसरली होती. पण आईशी तो कामापुरतंच बोलत होता आणि कोचशी तेवढंही नाही. मार्लिसनं मशीनमागची खुर्ची ओढून काढली, फडक्यानं पुसली आणि टेबलाच्या टोकाला मांडली. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. थोड्या वेळानं दुकानातला चेरीचा केक हातात धरून प्रूइट दाराशी आला आणि खुर्चीकडे बघून उंबऱ्यावरच घुटमळला.

"मिसेस ह्रुश्का, पण आपण तर..."

"आत या. जेवण गार होतंय."

तो बसला. हात धुऊन एमिल आला. टेबल बघितलं, पोरं बघितली, टोकाची खुर्ची बघितली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. या घरातल्या बाकी कशाचाही त्याला भरवसा नव्हता, पण ती खुर्ची कधी मांडतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"अरे वा! कोचची खुर्ची! म्हणजे शनिवारी जिंकलो आपण!"

सगळे काटे-चमचे थांबले. प्रूइटनं ताटात मान घातली. मार्लिसनं ग्रेडीकडे बघायचं टाळलं.

"हो, बाबा," ग्रेडी म्हणाला. त्यानं डंपलिंगचं भांडं उचललं आणि आधी कोचपुढे धरलं. "जिंकलो."