बिनविरोध

आमच्या सोसायटीत कमिटीची निवडणूक लागते, पण मतदान कधी होत नाही. जितक्या जागा तितकेच अर्ज येतात. जास्तीचा एखादा आलाच तर त्या माणसाला कोणीतरी गोड बोलून समजावतं, आणि नोटीस बोर्डावर ‘बिनविरोध’ असं लागतं. याचा आम्हाला कोण अभिमान! पलीकडच्या सोसायटीत म्हणे निवडणुकीत खुर्च्या फेकल्या. आम्ही मुलुंडची सभ्य माणसं.

समजावण्याचं काम आमच्या ह्यांचं. नंदकुमार आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवत होते. आवाज मऊ, केस पांढरे आणि कित्येक वर्षं चेअरमन. अशा माणसाला नाही म्हणणं कोणाच्याही जिवावर येतं.

यंदा जास्तीचा अर्ज सुगंधाचा होता. तळमजल्यावर राहते, जेवणाचे डबे करून देते. सासरे गिरणीत होते, त्यांनी पै पै करून ही जागा घेतलेली. तिला कमिटीत यायचं होतं ते एकाच कारणासाठी. आमची इमारत पाडून नवी होणार आहे आणि कोणाला कुठला फ्लॅट हे कमिटी ठरवणार आहे. सुगंधाचं म्हणणं, ठरवायचं कशाला, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा. लग्न होऊन आल्यापासून तिच्या खिडकीबाहेर गटार आहे. नव्या इमारतीतही तेच वाट्याला येईल, ही तिची धास्ती. बाहेरून कितीदा तरी सांगून पाहिलं, पण तिचा विषय दर वेळी ‘पुढच्या मीटिंगला बघू’ म्हणून मागे पडायचा.

आणि मिठागरांच्या बाजूचा, वरच्या मजल्यावरचा वाऱ्याचा फ्लॅट आम्हाला मिळणार होता. तसं कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. माझे तर मनातल्या मनात पडदेही लावून झाले होते.

ह्यांनी सुगंधाला वर बोलावलं. मी आलं घालून चहा केला, बशीत चकल्या ठेवल्या. बकरा कापायच्या आधी त्याला पाला घालतात, तसं.

“सुगंधाताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे,” हे म्हणाले. “पण निवडणूक म्हणजे गट पडतात, मनं दुखावतात. तुमचं काय काम असेल ते मला सांगा. मी आहे ना.”

तिनं चकली अर्धीच खाल्ली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी काय केलं? चहा आणखी घेतेस का म्हणून विचारलं. दुसऱ्याच दिवशी तिनं अर्ज मागे घेतला. अपराधी वाटून ह्यांनी तिला आपल्या व्याख्यानाचं आमंत्रण दिलं, आणि मी मनात म्हटलं, छान, आता त्या बाईला ते इराणपुराणही ऐकावं लागणार.

इराण हा ह्यांचा जुना नाद. तिथल्या लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी राजाकडून राज्यघटना कशी मिळवली, हे ऐकवल्याशिवाय आमच्याकडे पाहुणा घराबाहेर पडत नाही. रविवारी संध्याकाळी आमच्या इथल्या व्याख्यानमालेत तोच विषय होता. सुगंधा चक्क दुसऱ्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून बसली होती.

हे रंगात आले. तेहरानमधल्या इंग्रज वकिलातीच्या बागेत हजारो लोक आसरा घेऊन बसले, दुकानदारांनी धंद्याधंद्याप्रमाणे तंबू ठोकले, मोठमोठ्या हंड्यांत जेवण शिजलं. आधी त्यांची मागणी साधी होती, आम्हाला न्याय द्या. मग कॉलेजची पोरं बागेत येऊन सांगायला लागली की युरोपात राजावरही कायदा असतो. कलकत्त्यात छापलेली फारसी वर्तमानपत्रं लपूनछपून तिथे पोचत होतीच.

“तोवर त्यांना वाटायचं, राजा दयाळू असला की झालं,” हे म्हणाले. “आणि त्यांचा राजा तसा वाईट नव्हताच. आजारी होता, मऊ होता. पण आता त्यांना कळलं की स्वातंत्र्य म्हणजे चांगला राजा मिळणं नव्हे. राजा कसाही असो, आपलं भलं त्याच्या मर्जीवर अवलंबून नसणं, म्हणजे...”

आणि हे थांबले. पाणी प्यायले. लोकांना वाटलं घसा बसला. मी मात्र ह्यांची नजर दुसऱ्या रांगेत, सुगंधाकडे गेलेली पाहिली. पुढचं व्याख्यान ह्यांनी कसंबसं उरकलं.

टाळ्या झाल्यावर सुगंधा पुढे आली. “झकास बोललात, सर. त्या लोकांना तुमच्यासारखा कोणी भेटला असता ना, तर बागेत बसायची वेळच आली नसती.”

ती मनापासून बोलली की टोमणा होता, ते मला तेव्हा कळलं नाही. हे रात्री जेवले नाहीत. मीही भात चिवडत बसले. लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही तो फ्लॅट डोळ्यांसमोरून जात नव्हता, याची आणखी लाज वाटत होती.

सकाळी आम्ही दोघं खाली गेलो. सुगंधा डबे भरत होती. पदराला हात पुसत दारात आली.

“सुगंधाताई, माझं चुकलं,” हे म्हणाले. “मी तुम्हाला अर्ज मागे घ्यायला लावायला नको होतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि...”

“विश्वास कसला, सर?” ती म्हणाली. “तुम्ही कशाला बोलावलंत ते जिना चढतानाच कळलं होतं मला. पण तुम्हाला नाही म्हटलं असतं, तर उद्या भिंतीला ओल आली, डब्यांवरून कोणी तक्रार केली, तर मी कोणाकडे जाणार होते? तुमच्याकडेच ना?”

ह्यांचा चेहरा उतरला. मी दाराची चौकट धरून उभी. हे घाईघाईनं म्हणाले, “ऐका. मी राजीनामा देतो. रिकाम्या जागेवर कमिटीला माणूस घेता येतो. मी सगळ्यांना सांगतो, माझ्या जागी तुम्हालाच घेतील. माझा शब्द कोणी मोडणार नाही.”

“म्हणजे तेव्हा तुम्ही उठवलंत, आणि आता तुम्हीच बसवणार?”

ती रागानं बोलली नव्हती. रागावली असती तर आम्हाला जरा तरी बरं वाटलं असतं. पण बोलून गेली आणि तिचे हात थांबले. तिनं आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“रागावू नका हां, सर,” ती म्हणाली. “चुकून निघून गेलं तोंडातून.”