डोंगरावरची हवा

मी एअर प्युरिफायर बोलतोय. आवाज जरा घोगरा वाटेल, पण सांभाळून घ्या. नव्या घरातले माझे सुरुवातीचे दिवस नाक-तोंड बांधलेल्या अवस्थेत गेले आहेत.

कारखान्यातून मी एका मोठ्या दुकानात आलो. तिथे एके दिवशी तिघं आली: सोफे दुरुस्त करणारे एक गृहस्थ, त्यांची बायको आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. यांच्या घरात पुढे कामाची खोली आणि मागे संसार. जुना सोफा उसवला की कुणाकुणाच्या घरची धूळ भसकन वर यायची आणि ताईंच्या शिंका सुरू व्हायच्या. साध्यासुध्या नव्हेत! अशाच एका शिंकेला दचकून या गृहस्थांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, खिळ्याऐवजी स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारली होती. त्या अंगठ्याला पट्टी बांधूनच ते मला निवडायला आले होते.

मालकांनी टेप काढून माझी उंची-रुंदी घेतली. "साहेब, याचं नाही, खोलीचं माप सांगा," विक्रेता म्हणाला. "खोलीच्या मानाने मशीन लहान पडलं तर उपयोग नाही."

बाईंनी माझ्या पोटाला कान लावला. "हे यांच्यापेक्षा कमी घोरतं. हेच घ्या!"

ताईंनी तेवढं कामाचं विचारलं, "फिल्टर पुढे बदलून मिळेल ना? आणि माझ्या शिंका थांबतील?"

"थांबतील काय, विसरून जाल!"

अशा रीतीने मी कमी घोरतो म्हणून पसंत पडलो.

घरी आल्या आल्या मालकांनी मला कोपऱ्यात उभं केलं आणि बटण दाबलं. माझा हिरवा दिवा लागला. आता खरी गोष्ट सांगतो. माझा फिल्टर, म्हणजे माझं फुप्फुसच म्हणा, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बंद होता. ती पिशवी आधी काढायची असते. ती कुणी काढलीच नाही! मी आतल्या आत गरगरत होतो. हवा इकडची तिकडे होत नव्हती. आणि तो हिरवा दिवा? मी चालू आहे, एवढंच तो सांगतो. पण या मंडळींनी त्याला हवेचं प्रशस्तिपत्रक मानलं.

"झोप कशी गाढ लागली!" मालक म्हणाले.

"चहालासुद्धा चव आलीय," बाई म्हणाल्या.

शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे काका तर रोज येऊन माझ्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. डोळे मिटून, छाती भरून श्वास घेत म्हणायचे, "अहाहा! अगदी डोंगरावर आल्यासारखं वाटतं."

मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं.

फक्त ताई म्हणायच्या, "मला काडीचाही फरक वाटत नाही." आणि शिंकायच्या.

"ताई, तू आधीच ठरवून टाकलंयस," मालक वैतागले. "सगळ्यांना बरं वाटतं, मग तुलाच कसं नाही?"

"वन्सं, थोडा प्रयत्न तरी करा ना," बाई समजुतीने म्हणाल्या. शिंक न देण्याचा प्रयत्न! ताईंनी तोही केला. डोळे पांढरे झाले, कान लाल झाले, आणि मग अशी काही शिंक आली की काकांची खुर्ची हलली.

शेवटी ताईंनी बॅग भरली. "मी माझ्या जुन्या खोलीवर जाते. तुमची चांगली हवा मी कशाला बिघडवू?" मालक मान खाली घालून बसले. बहिणीने जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, पण आता माघार कशी घ्यायची? मला ओरडावंसं वाटत होतं, पण गरगरण्यापलीकडे मला येतं काय?

निघता निघता ताईंना माझ्यावर साचलेली धूळ दिसली. स्वभावच तो. त्यांनी फडकं घेतलं, पाठीवरून जरा जोरात फिरवलं आणि माझं मागचं झाकण सुटून त्यांच्या हातात आलं. आत चकचकीत पिशवी होती. तिच्यावर ठसठशीत लाल अक्षरं: 'वापरण्यापूर्वी काढा.'

ताईंनी ते मोठ्याने वाचलं.

"मग मला झोप कशी लागत होती?" मालक पुटपुटले.

"तुम्हाला कामाच्या खोलीत स्टुलावर बसूनही लागते!" बाई म्हणाल्या आणि आधी त्याच हसल्या. मग ताई हसल्या, हसता हसता शिंकल्या. मालकांनी मुकाट्याने बॅग उचलून आत नेऊन ठेवली. "चुकलं, ताई," ते दारातूनच म्हणाले.

पिशवी निघाली आणि मी पहिला श्वास घेतला. बाप रे, काय ती धूळ! पण मी नेटाने कामाला लागलो. हळूहळू ताईंच्या शिंका खरंच कमी झाल्या. काका मात्र दुसऱ्या दिवशी श्वास घेऊन नाक मुरडत म्हणाले, "मशीन बिघडलं वाटतं. डोंगर गेला."

हल्ली माझं बरं चाललंय. फिल्टर एकदा बदलून झालाय. माझं मागणं एवढंच: निवडताना खोली मोजा, आवाज ऐका, पण घरात कुणी एकटं 'फरक नाही' म्हणत असेल, तर त्याला समजावण्याआधी माझी पाठ उघडून बघा.

आमच्या घरात हे जरा जास्तच अंगवळणी पडलंय. काल ताईंनी मिरी कुटली आणि एक शिंक दिली. मालक, बाई आणि काका तिघंही धावत आले, झाकण काढलं आणि आत डोकावले. मला गुदगुल्या होतात हो!