सुरूची पहिली ओळ

समुद्राला अडवायला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने नरपडच्या किनाऱ्यावर सुरूची रोपं लावली. त्याआधी एका तज्ज्ञाने हवामान बदलावर भाषण देऊन आम्हाला गार केलं होतं. पन्नास वर्षांनी पाणी कुठवर येईल याचा नकाशा पाहून आमचे चेहरे उतरले. मग तेव्हा आपण नसणार हे लक्षात आलं आणि सगळ्यांनी समाधानाने चहा घेतला.

प्रत्येक झाडावर लावणाऱ्याच्या नावाची पाटी. कल्पना माझीच. रेल्वेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला पाटीशिवाय चैन पडत नाही.

समुद्र मात्र पन्नास वर्षं थांबायला तयार नव्हता. चौथ्याच पावसाळ्यात त्याने पहिल्या ओळीतलं मुकेशभाईंचं झाड नेलं, आणि त्याच आठवड्यात मुकेशभाई बाथरूममध्ये घसरले, खुबा मोडला. झालं! आम्ही सगळे रोज सकाळी फिरण्याच्या निमित्ताने आपापलं झाड बघून येऊ लागलो. जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं देणाऱ्या विष्णू मास्तरांनी तर आपल्या झाडाभोवती दगड रचले.

आता काठावर माझं झाड होतं. मुळं उघडी पडलेली. बायकोला, निर्मलाला, मी काही बोललो नाही. फक्त जेवण कमी केलं आणि मृत्युपत्राचे कागद काढले.

अमावास्येच्या उधाणाआधी एका सकाळी पक्कड घेऊन मी एकटाच निघालो. माझी पाटी मागच्या ओळीत न्यायची, तिथली एखादी इथे आणायची. कोणाची? ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याची. दोन नावं ठरवूनही ठेवली होती.

काठावरच्या झाडावर पाटी होती ती निर्मलाची. माझी पाटी पार मागे, तिच्या झाडाला नव्या तारेने घट्ट बांधलेली.

मला भयंकर लाज वाटली. पाट्या परत बदलायला हात पुढे केला आणि, खरं सांगतो, मागे घेतला.

घरी ती अंगणात रोपांसाठी पिशव्यांत माती भरत होती.

"हे काय करून बसलीस?"

"काय करणार? तुम्ही जेवत नव्हता."

"आणि तुला काही झालं असतं तर?"

"मला पोहता येतं," ती म्हणाली.

मी तसाच उलटा फिरलो. तिची पाटी काढून माझी काठावर बांधली. परत येऊन तिच्यासमोर बसलो आणि एक पिशवी ओढली.

"किती भरायच्या?"

"शंभर. आणि या वेळी पाट्या नकोत."