गिटारसाठी आणलेल्या डबीची हकिगत

मित्रांनो, मी एक जुनी, तळहातावर मावणारी काळी डबी आहे. दुकानदार मला ऑडिओ इंटरफेस असं भारदस्त नाव देतात. काम मात्र साधं. गिटारची वायर एका अंगाने माझ्यात शिरते, दुसऱ्या अंगाने मी मोबाइलला नाहीतर कॉम्प्युटरला जोडली जाते, आणि तारांचा झणकार त्यांना कळेल असा करून देते. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पण आयुष्य सुरू झालं ते प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, नुकुआलोफा या राजधानीतल्या एका दुकानात फोलाउ नावाच्या तरुणाने मला उचललं तेव्हा.

फोलाउ घाईत होता. त्याचे वडील पाएआ लिफुका बेटावरच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचे गुरुजी. ते न्यूझीलंडला, ऑकलंडच्या इस्पितळात होते आणि त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. "आत नेण्याआधी पोरांच्या तोंडून स्तोत्र ऐकवा. दोघांच्या," असा त्यांचा निरोप होता. घरून नुसत्या फोनवर गाऊन पाहिलं, तर पलीकडे छपराच्या पत्र्यावरचा वाराच तेवढा पोचला.

"ही मोठी ने की," दुकानदार शेजारची, माझ्याच जातीची लांबरुंद पेटी थोपटत म्हणाला. "हिच्यात दोन वायरी बसतात."

"भिंतीतली वीज लागते ना हिला? आमच्याकडे वीज आली तर आली. ही छोटी फोनवरच चालते, हीच द्या."

"हिला जागा एकच आहे, बाबा."

"मग गिटारही एकच आहे!" फोलाउ हसला.

त्याची बहीण लोलोहेआ गाणार कशातून, हे त्याने तिला विचारलंच नव्हतं. तिथे वयात आलेला भाऊ बहिणीचा मान राखतो, म्हणजे ती बसली असेल त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. काही विचारायचं झालं तर मध्ये आत्या. आणि वडिलांची थोरली बहीण हेपिसिपाआत्या म्हणजे घरातला शेवटचा शब्द. तिला त्याने एवढंच कळवलं होतं, "डबी मिळाली."

बोटीने आम्ही लिफुकाला घरी पोचलो. शस्त्रक्रियेच्या सकाळी फोन लागला. पडद्यावर पाएआंचा चेहरा पांढराफटक. मागे परिचारिका उभी. फोलाउने सूर छेडला, मी तो जिवापाड पोचवला, पाएआंचे डोळे मिटले. भिंतीपलीकडून लोलोहेआने स्तोत्र उचललं. आणि पाएआंनी डोळे उघडले.

"पोरगी कुठाय?"

ती तर गळा फोडून गात होती! पण मित्रांनो, मला जोडलं की फोन आपले कान मिटून घेतो. तो माझ्यातून येईल तेवढंच ऐकतो.

फोलाउने मला उपटलं. "आता?"

"वारा," पाएआ थकून म्हणाले. "नुसता वारा."

त्याने मला परत खुपसलं. पलीकडे परिचारिका काहीतरी बोलली आणि पलंगाची चाकं करकरली.

"गाढवा!" आत्या फोलाउच्या मांडीवरच्या गिटारवर ओणवून कडाडली. "बहिणीचा गळा बोटीतच विसरून आलास?"

"ताई," ऑकलंडहून आवाज आला, "आजच्या दिवशी तरी पोरावर ओरडू नकोस."

सगळ्यांनी गिटारकडे पाहिलं. गिटारच्या पोटात एक इवलासा माइक होता. आत्याचा पारा त्याने टिपला होता!

लोलोहेआने गिटारजवळ यायला हवं होतं. पण गिटारजवळ भाऊ. तिने दारापर्यंत पाऊल टाकलं आणि ती अडली. वडिलांसमोर रीत मोडायची तिची छाती होईना. फोलाउची मान खाली. पलंग सरकू लागला होता.

आत्याने गिटार हिसकावली. फोनकडे पाठ करून, कारण पडद्यावर तिचाही भाऊच होता, ती दाराच्या मधोमध चटईवर बसली. गिटार उभी धरली, तळहाताने तारा दाबून गप्प केल्या. "तू पलीकडून, तू अलीकडून. तोंड हिच्या पोटाशी आणा आणि गा. मध्ये मी आहे."

जिच्यासाठी मला एवढ्या सायासाने आणलं ती गिटार मुकी झाली, मित्रांनो, आणि तिचा कान झाला. लोलोहेआचा उंच सूर, फोलाउचा जाडा सूर. मी, एकाच जागेची डबी, दोघांना एकत्र घेऊन समुद्रापार गेले. देवाचं नाव घ्यायला तार लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. पाएआंचं बोट चादरीवर ताल धरत दाराआड गेलं, आणि पडदा काळा झाला.

दिवसभर मला कोणी काढलं नाही. चुलीवरचा नीरफणस तसाच करपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला, आत्याने मला उपटून तो कानाला लावला. पलीकडून पाएआंचा अगदी बारीक आवाज आला, "फोलाउला सांग, दुसऱ्या कडव्यात घाई केलीस."

आत्या हसता हसता रडली.

पुढे चर्चमध्ये माझं फार कौतुक झालं. मग नव्या डब्या आल्या. आता मी मासे धरायच्या गळांच्या डब्यात पडून आहे, खाऱ्या हवेने तोंडाला गंज चढलाय. कामाच्या वस्तूला कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावं, एवढीच माझी विनवणी. आणि माझ्यासारखी एखादी घ्यायला गेलात, तर गिटार किती ते मागाहून मोजा. आधी घरी विचारून या, हिच्यातून कोणाकोणाचा गळा जायचाय?