धूसर काचेची मोरपंखी मोटार

आश्विनातलं ऊन चितारआळीत उतरतं ते पाय न वाजवता. आधी मोती तलावाच्या पाण्यावर सोनं शिंपतं, मग माडांच्या झावळ्यांतून झिरपतं, कौलांवरच्या ओल्या शेवाळावर क्षणभर टेकतं, आणि लाल कोब्याच्या सोप्यात येऊन घरच्यासारखं पाय पसरून बसतं. पावसाने धुतलेलं, वाऱ्याने वाळवलेलं, केशरकाडीसारखं कोवळं ऊन. त्या उन्हात सगळंच नवं दिसतं. दारातली अबोली नवी, दोरीवरची दुपटी नवी. आणि ओळीने वाळत ठेवलेली माईंची लाकडी फळं, आंबा, सीताफळ, काजूचं बोंड, तर अशी रसरशीत, की एखादा कावळा फसतो, चोच मारतो, आणि ओशाळून उडून जातो.

अशा उन्हात, अशा दुपारी, मिठू झोपली की शाल्मलीचा दिवस उगवतो.

मिठू म्हणजे तिची लेक. नुकती बोलू लागलेली, हाताला लागेल ते तोंडात घालणारी, वादळाच्या वंशातली. तिचा श्वास संथ झाला, मूठ सैल झाली, पापण्यांवर झोपेची साय धरली, की शाल्मली चवड्यांवर चालत खिडकीशी जाते. खिडकीशी पाट. पाटावर जुना टॉवेल. टॉवेलावर चिमटा, सुरी, पॉलिश पेपरचे तुकडे, सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, दिलेला खारीच्या केसांचा कुंचला. आणि मोटारी.

तळहातावर मावणाऱ्या, प्लास्टिकच्या, सुटे भाग जोडून करायच्या मोटारी. कुणाकुणाच्या बालपणातून निखळून पडलेल्या. रद्दीच्या दुकानातून आलेल्या, माळ्यावरच्या खोक्यांतून निघालेल्या, कुणी 'नेतेस तर ने बाई' म्हणून दिलेल्या. एकीचं चाक हरवलेलं, एकीच्या दारावर गोंदाचे ओघळ, एकीच्या टपावर घराच्या फाटकाला लावतात तो हिरवा ऑइलपेंट. शाल्मली त्यांना फ्रीझरमध्ये ठेवते, मटारच्या पिशवीशेजारी. थंडीने जुना गोंद ठिसूळ होतो, आणि हलकेच पिळलं की टिच् करून सांधा सुटतो. मग रंग उतरवायचा, चिरा भरायच्या, घासायचं, पुसायचं, पुन्हा जोडायचं. विस्कटलेल्या बालपणांना ती अशी वेणीफणी करत बसते.

"आमच्या घराण्यान पिढ्यान् पिढ्या लाकडाची खेळणी केली," माई सुपारी कातरता कातरता म्हणतात, "नि सून बघा, प्लास्टिकात जीव घालता! काल मटार काढूक गेलंय तर हातात मोटार इली. भाजी कसली करू, चाकांची?"

पण चाकांवरची केसाएवढी पांढरी रेघ माईच ओढून देतात. न सांगता, न विचारता, एका दमात.

*

ह्या सगळ्या गोतावळ्यात एक खोकं मात्र वेगळं होतं. ते तुटलेलं नव्हतं, विस्कटलेलं नव्हतं. ते कधी उघडलेलंच नव्हतं.

ते शाल्मलीच्या वडिलांचं. बेळगावच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या कडोलकर मास्तरांचं, तिच्या अप्पांचं. अर्ध्या चड्डीतल्या अप्पांना त्यांच्या मामाने आणून दिलेलं. मामा आगबोटीवर खलाशी होता, आणि त्याच्या पेटीला साता समुद्रांचा वास यायचा म्हणे. खोक्यावरच्या चित्रात एक मोटार होती, लांबसडक, बिनघाईची, शेपटीकडे पंख फुटलेली. पोरसवद्या अप्पांनी ते खोकं छातीशी धरलं आणि ठरवलं: हात बसला की उघडीन. एवढी देखणी गोष्ट कच्च्या हाताने बिघडवायची नाही.

हात बसला. त्या हाताने फळ्यावर हजार मोर काढले, शेकडो पोरांची बोटं धरून रेघा वळवल्या. पण खोक्याशी आला की तोच हात थबकायचा. अजून नाही. अजून थोडा सराव. असं करता करता केस पिकले, बोटांना कंप आला, आणि गेल्या आषाढात अप्पांनी ते खोकं लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"तू उघड, शालू. माझ्यानं काय आता व्हायचं नाही."

"आपण दोघं जोडू या ना, अप्पा."

"नको गं. माझा हात लागून बिघडायला नको. तू कर, मी बघीन की."

बघीन. एवढंच मागितलं होतं त्यांनी, आणि तेवढंच द्यायचं शाल्मलीने ठरवलं होतं. पण द्यायचं ते निर्मळ, निष्कलंक, खोक्यावरच्या चित्रासारखं. आयुष्यभर एका माणसाने बिघडेल म्हणून ज्याला हात लावला नाही, ते तिच्या हातून बिघडता कामा नये.

म्हणून श्रावणभर ती श्वास रोखून जोडत राहिली. खोक्यातली गोंदाची नळी दगड झाली होती, ती बाजूला ठेवली. पिवळी पडलेली चिकटचित्रं तावदानाला लावून उन्हाकडून पांढरी करून घेतली. रंग अप्पांनी फोनवर सांगितला, आणि सांगताना त्यांचा आवाज अर्ध्या चड्डीतला झाला: मोरपंखी. पातळ, पातळ, आणखी पातळ असे थरांवर थर देत तिने तो मोरपंखी चढवला, इतका खोल की त्यात बोट बुडवावंसं वाटावं. भाद्रपद संपता संपता मोटार उभी राहिली. निळ्याहिरव्या पाण्यातून नुकतीच वर आल्यासारखी, अंगावर आभाळ घेऊन.

पुढची काच बसवली तेव्हा तर शाल्मलीने हातच जोडले. नखाच्या पापुद्र्यासारखी नितळ काच. एकच. फुटली, ओरखडली, डागळली तर दुसरी कुठे मिळणार नाही अशी.

*

आणि अप्पा यायच्या आदल्या दुपारी, आतला चिमुकला आरसा निखळला.

बारीकसं काम. एक थेंब गोंद, दोन श्वासांची उसंत. पण पाळण्यात मिठू कुरकुरली, कूस बदलली, डोळे चोळू लागली. जो सावकाश वाळतो तो पांढरा गोंद शोधायला वेळ कुठला? शाल्मलीने झटक्यात चिकटणारा गोंद उचलला, थेंब टेकवला, आरसा बसवला. आणि मिठूच्या धसमुसळ्या हातांपासून मोटार वाचावी म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, झाकण टक्क आवाज होईपर्यंत दाबलं, आणि डबा फळीवर उंच ठेवून दिला.

ह्या छंदातलं पोरसुद्धा जे जाणतं, ते ती त्या क्षणी विसरली. त्या गोंदाची वाफ मोकळी लागते. कोंडली, की ती जवळच्या काचेवर जाऊन बसते.

तिन्हीसांजेला डबा उघडला, तेव्हा मोटार होती, मोरपंखी होता, आरसाही होता. काच मात्र बाहेरच्या अंगाने आंधळी झाली होती. पांढुरकी, पिठूर, राखाडी. जणू कुणी तिच्यावर ओला नि:श्वास सोडला आणि तो तिथेच गोठला. जपण्यासाठी घातलेल्या झाकणानेच घात केला होता.

तिने फडक्याने पुसलं. नाही. ओल्या कापसाने पुसलं. नाही. जोर लावायची छाती होईना. ती पाटाशी मट्कन बसली, आणि मिठू तिच्या पाठीवर चढून 'घोडा, घोडा' करू लागली.

"काय गो, झाला काय?" माईंनी समई लावता लावता विचारलं. "रडतंस कित्याक?"

"काच गेली, माई. अप्पांची काच गेली."

माईंनी मोटार उजेडात धरली. बराच वेळ बघितली. "लाकडावरच्या लाखेक आमी केवड्याच्या पानान घासतो. पण ह्या तुझा प्लास्टिक, ह्येका काय चालता ता माका ठावक नाय. उगाच नको ता बोलाचंय नाय." मग मोटार अलगद खाली ठेवत म्हणाल्या, "गेली तर गेली. तुझो बापूस काय तुका खातलो? नातीक बघूक येता तो, काचेक नाय."

पण तो काचेलाही बघायला येत होता, हे शाल्मलीला ठाऊक होतं. जन्मभराच्या थांबण्याचं तो उद्या फळ बघायला येत होता.

*

सकाळ झाली ती अप्पांना घेऊनच. एसटीतून उतरलेले, खांद्याला शबनम, हातात कुंद्याचं खोकं, टोपी ओली, चष्मा ओला, आणि चेहरा एखाद्या सहलीहून परतलेल्या मुलाचा.

"आलो बघा, विहीणबाई! कुठाय माझी चिमणी?" मिठू आधी दाराआड गेली, मग कुंद्याचं खोकं पाहून पुढे आली. अप्पांनी तिला उचलली, हुंगली, आणि नजर लेकीकडे गेली. "काय झालंय गं तोंडाला तुझ्या? सुतक असल्यागत?"

शाल्मली आत गेली. मोटार आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. आणि उभी राहिली, पदराचं टोक पिळत, निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी.

अप्पांनी चष्मा पुसला. खाली वाकले. मोरपंखी रंग त्यांच्या डोळ्यांत उतरताना दिसला, शेपटीकडचे पंख दिसले, माईंची पांढरी रेघ दिसली. आणि मग नजर काचेवर येऊन थांबली.

"माझ्याकडून झालं, अप्पा. शेवटच्या घडीला. दुसरी मिळत नाही."

दारातल्या अबोलीवर एक भुंगा गुणगुणत राहिला. आणि कडोलकर मास्तर हसू लागले. आधी मिशीत, मग पोटात, मग टोपी काढून मांडीवर आपटत.

"अगं, ही तर माझ्या मागनंच आली की! आंबोलीत आत्ता हीच अवस्था होती आमची. धुकं म्हणजे काय धुकं! कापूस पिंजून अंथरल्यागत. मी ड्रायव्हरच्या शेजारी. त्याला म्हटलं, बाबा, तुला दिसतंय कुठनं? तर म्हणतो, मास्तर, वायपर फिरतोय तेवढ्यातनं दिसतंय, तेवढं बास होतंय घाट उतरायला."

बोलता बोलता ते थांबले. हसू विरलं, आणि डोळ्यांत ती जुनी, फळ्यापुढची एकाग्रता आली. त्यांनी बोट उचललं. काचेला न लावता, हवेतच, एक कमान काढली. तिच्या शेजारी दुसरी.

"शालू, तेवढंच घासलं तर? वायपर फिरतो तेवढंच?"

शाल्मलीने वडिलांकडे पाहिलं. काचेकडे पाहिलं. धुरकट काचेवर तिला ते दोन पंखे दिसू लागले, अजून नसलेले, तरी असलेले.

"पण कमान तुम्ही आखायची, अप्पा. माझ्याने गोल जमत नाही, तुम्हाला माहितेय."

"माझा हात कापतो गं."

"कापता तर कापांदे," माई आतून केवड्याच्या पानाची पट्टी घेऊन येत म्हणाल्या. "काच तशीय गेलेलीच आसा. आता तुमी आणखी काय बिघडवतलास?"

अप्पा माईंकडे बघत राहिले. जन्मभर कुणी हे त्यांना इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

त्यांनी कंपास मागितला. कागदाच्या चिकटपट्टीवर दोन कमानी आखल्या, सुरीने कापून काढल्या, आणि उरलेली पट्टी काचेवर बसवली. हात कापत होता. पण रेघ कापत नव्हती. फळ्यावरच्या हजार मोरांनी जणू आपापलं एकेक पीस त्या बोटांना उसनं दिलं होतं. मग केवड्याच्या पट्टीचं टोक, त्यावर दंतमंजनाची पांढरी पेस्ट, वर पाण्याचा एक थेंब. माईंनी आधी मोटारीच्या खोक्यातल्या एका सुट्या, बिनकामाच्या तुकड्यावर घासून पाहिलं, मान डोलावली, आणि पट्टी अप्पांच्या हाती दिली.

इकडून तिकडे. तिकडून इकडे. हलकेच, हलकेच, पाळण्याला झोका द्यावा तसं. शाल्मलीने मोटार दोन्ही हातांच्या ओंजळीत स्थिर धरली होती. माई मिठूला कुंदा भरवत होत्या. ऊन कौलांवरून उतरलं, सोप्यात आलं, अप्पांच्या पाठीवर हात ठेवून थांबलं. इकडून तिकडे. तिकडून इकडे. आणि एका क्षणी त्या पिठूर पडद्याआड काहीतरी चमकलं: आतला आरसा, तिळाएवढा, जागा झालेला.

"दिसतंय," अप्पा पुटपुटले. "शालू, दिसतंय गं आतलं."

त्यांनी चिकटपट्टी सोलली. कडेकडेने धुकं तसंच राहिलं होतं, आंबोलीचं, पहाटेचं, दाट. आणि त्यात दोन पंखे लख्ख उघडले होते. नुकताच कुणी घाट उतरून आल्यासारखे.

अप्पांनी मोटार उचलली नाही. मिठूचा चिकट, कुंद्याने माखलेला हात धरला आणि तोच टपावर ठेवला. शाल्मलीचा हात अडवायला उठला, आणि तिने तो मागे घेतला. मोरपंखी रंगावर गोडाचा एक ठसा उमटला.

"आजो, गाडी खंय चल्ली?"

"चालली कुठं? आली की गं! तुझ्याकडंच आली. यायला जरा उशीर झाला, एवढंच."

मग मोटार खिडकीत ठेवली गेली, उन्हाच्या वाटेवर तोंड करून. ऊन काचेत शिरलं, धुक्यात अडखळलं, कमानींतून मोकळं झालं, आणि लाल कोब्यावर उतरलं: नखाएवढे, पाकळीएवढे, उजेडाचे दोन पंख. मिठू उकिडवी बसली. तिने ते पंख चिमटीत धरायला बोट पुढे केलं, तर ते तिच्या बोटावर बसले. बोट उचललं, तर पुन्हा जमिनीवर. ती हसली, पुन्हा बोट पुढे केलं. आणि पलीकडे खांद्याला खांदा टेकवून बसलेले बाप-लेक बघत राहिले, उजेड कसा बसतो, कसा उडतो, कसा पुन्हा, हळूच, येऊन बसतो.